सुटे भाग धुणारे हात

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना आपापल्या व्यवसायाविषयी लिहिण्यास सांगितले. शिक्षक, परिचारिका, वकील आणि बँकेतील बंधुभगिनी आपापल्या क्षेत्राविषयी लिहितीलच. माझा व्यवसाय इंजिन-दुरुस्तीचा आहे, आणि त्यातील सर्वांत दुर्लक्षित कामाविषयी, म्हणजे खोललेल्या इंजिनाचे सुटे भाग धुण्याविषयी, लिहावे असे मी ठरवले. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीचे नाव होते. भाग धुणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. परंतु बांधलेले इंजिन किती वर्षे चालेल हे पुष्कळसे धुण्यावर ठरते, आणि धुण्यासाठी काय निवडले यावरून धुणाऱ्याच्या शरीराचे काय होणार हेही ठरते. या दुसऱ्या गोष्टीसाठीच हा लेख लिहीत आहे.

हिंगणीच्या परिसरात नुसते ‘इंजिन’ म्हटले की जुन्या शेतकऱ्यांना मोटारीचे इंजिन आठवत नाही, विहिरीवरचे आठवते. बोर धरण जवळ असले तरी कालव्याचे पाणी प्रत्येक शिवारात पोहोचत नाही. विजेचे पंप आले, तरी वीज नसताना पीक वाचविण्याचे काम डिझेल इंजिनानेच केले. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आणि तिच्या जोडीने इतर कारखान्यांची एक सिलिंडरची, पाच अश्वशक्तीची इंजिने सेलू तालुक्यात आजही दिसतात. मिनिटाला १५०० फेरे, ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि ११० मिलिमीटरची त्याची धाव, असा त्यांतील एका प्रचलित नमुन्याचा हिशेब आहे. हँडल हलके फिरू लागले, धूर निळा येऊ लागला आणि तेल संपू लागले, म्हणजे इंजिन खोलण्याची वेळ आली असे समजावे. खोलल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : धुवायचे कशाने?

या प्रश्नाचे उत्तर मळावर अवलंबून असते. सगळा मळ सारखाच काळा दिसतो, पण तो सारखा नसतो. बाहेरच्या अंगावर तेलात भिजलेली काळी माती असते. आत जळलेल्या तेलाचा चिकट पिवळसर थर असतो. पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांच्या खाचांत दगडासारखा कडक कार्बन बसलेला असतो. पाण्याच्या पोकळीत विहिरीच्या जड पाण्याने सोडलेला चुना आणि गंज असतो. शेवटचा मळ डोळ्यांना दिसतच नाही : घासाईतून सुटलेले धातूचे आणि दगडाचे बारीक कण. तेलाचा मळ तेलाच्या जातीच्या द्रवात विरघळतो. चुना तेलात कधीच विरघळत नाही, त्याला सौम्य आम्ल आणि नंतर भरपूर पाणी लागते. कार्बन तर कशातच पटकन विरघळत नाही. तो रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून मऊ करावा लागतो आणि मग लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने, ॲल्युमिनियमला ओरखडा न जाऊ देता, खरवडावा लागतो. रिंगांच्या खाचा साफ करण्यासाठी तुटलेल्या जुन्या रिंगेचा तुकडा उत्तम चालतो. म्हणून ‘सर्वांत जोरदार द्रावण कोणते’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘हा मळ काढू शकणारे सर्वांत सौम्य द्रावण कोणते’ असे विचारावे. माझ्या धंद्याने मला हे शिकवले.

बहुतेक गॅरेजांत मात्र या प्रश्नाचे उत्तर एकच असते, आणि ते म्हणजे पेट्रोल. ते हाताशी असते, झटपट मळ काढते आणि भाग आपोआप वाळतो. शाळा सोडल्यानंतर मी ज्या गॅरेजात काम शिकलो, तेथेही भाग पेट्रोलनेच धुतले जात. “पोट्ट्या, धू हे,” एवढ्याच शब्दांत शिकवणी सुरू होत असे. उघड्या हातांनी दिवसभर घमेल्यात पेट्रोल चालवले की संध्याकाळी कातडी पांढरी पडे, मग तडकत असे. डब्यातील भाकरीबरोबर ठेचा असला तर पहिला घास तोंडाआधी बोटांना झोंबे. पेट्रोल ज्या गुणाने भागांवरचे तेल ओढून घेते, त्याच गुणाने ते कातडीतील नैसर्गिक स्निग्धताही ओढून घेते, हे कारण मला नंतर समजले. शिवाय तो शिसे असलेल्या पेट्रोलचा काळ होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिशाचे संयुग श्वासातूनच नव्हे, तर अखंड कातडीतूनही शरीरात शिरत असे. शिसे गेले तरी पेट्रोलमधील बेंझीन पूर्णपणे गेलेले नाही. आज त्याची मर्यादा एक टक्का आहे. बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवू शकते हे वैद्यकशास्त्राने निःसंशय मानले आहे. गाडीच्या टाकीत असलेले एक टक्का आणि दहा वर्षे रोज हात बुडवलेल्या घमेल्यातील एक टक्का यांत फार अंतर आहे.

दुसरा धोका आगीचा. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी लागताच पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा हा बिंदू शून्याखाली सुमारे ४० अंशांवर आहे, म्हणजे आपल्याकडे पेट्रोल बाराही महिने पेटण्यास तयारच असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकत सरकत ती खड्ड्यात, कोपऱ्यात, शेजारच्या चुलीपर्यंत किंवा वेल्डिंगपर्यंत जाते. घमेले एकीकडे असते आणि आग दुसरीकडून लागते, याचे कारण हेच.

पेट्रोलऐवजी रॉकेल घ्यावे, असे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. जुनी माणसे ज्याला मातीचे तेल म्हणतात ते हेच. रॉकेल हळू काम करते, पण काम करते. मात्र येथे विदर्भातील उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. भारतीय मानकांनुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पुस्तकात हा आकडा सुरक्षित वाटतो, परंतु मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली उघड्या ट्रेमधील रॉकेल त्याहूनही तापू शकते. थंड प्रदेशासाठी लिहिलेला सुरक्षिततेचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून माझ्याकडे एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत धुण्याचे काम सकाळी लवकर, झाडाच्या सावलीत, झाकण असलेल्या ट्रेमध्ये होते. त्या वेळी जवळपास विडी, वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालत नाही.

रॉकेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रेशनवर मिळणारे निळे रॉकेल गरिबाच्या दिव्यासाठी आणि स्टोव्हसाठी होते. ओळखू यावे म्हणून सरकार त्यात निळा रंग मिसळत असे. ते स्वस्त म्हणून अनेक गॅरेजांत पोहोचले. ज्या घरांतील मुले आपल्या वसतिगृहात कंदिलाच्या उजेडातून विजेच्या उजेडात आली, त्या घरांचा वाटा माझ्या घमेल्यात ओतणे मला कधी पटले नाही. आता रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाले आहे, म्हणून मी बहुधा डिझेल वापरतो. डिझेलही रॉकेलइतकीच काळजी मागते. ते भागावर तेलकट थर सोडते, आणि पावसाळ्यात तो थर गंजापासून राखण करतो. गॅस्केट बसवायच्या जागेवर मात्र तो चालत नाही. तेथे तो पुसून काढावा लागतो. पंपाच्या आणि नोझलच्या भागांना तर स्वच्छ, गाळलेल्या डिझेलशिवाय दुसरे काहीही लावू नये. त्यांतील फट काही मायक्रॉनचीच असते, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. आपण कापसाच्या जिल्ह्यात राहतो, चिंध्यांना तोटा नाही. पण चिंधीचा एक तंतू नोझलमध्ये अडकला तर शेतकऱ्याचे पाणी बंद पडते. तेथे चिंधी वापरूच नये.

जोरदार द्रावणांची गोष्ट वेगळी आहे. थिनरने मळ क्षणात निघतो, पण ऑइल सील आणि ओ-रिंग फुगून निकामी होतात. कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी बिडाच्या ब्लॉकला लखलखीत करते, पण त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन टाकला तर ते त्याला खाऊ लागते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यात उडालेला कॉस्टिकचा एक थेंब दृष्टी घेऊ शकतो. याहून बोधप्रद इतिहास कार्बन टेट्राक्लोराइडचा आहे. ते पेटत नाही, म्हणून एके काळी ते सुरक्षित मानले गेले. कपड्यांची ड्रायक्लीनिंग, यंत्रांची सफाई, अगदी आग विझवण्याची उपकरणे, सर्वत्र ते वापरले गेले. पुढे असे दिसले की ते यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करते आणि तापले की त्यापासून फॉस्जीन बनते. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला विषारी वायू. ते ओझोनचा थरही विरळ करते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराच्या १९९० मधील दुरुस्तीने त्यावर निर्बंध आले. त्याची जागा घेणारे ट्रायक्लोरोएथिलीनही कर्करोगकारक ठरले. आगीपासून सुरक्षित म्हणजे माणसासाठी सुरक्षित नव्हे, हे समजायला जगाला अनेक दशके लागली. तोवर ज्यांनी ते हाताळले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

धुणारा कोण, हा प्रश्न येथे आपोआप पुढे येतो. आपल्या समाजातील अनेक मुलांसाठी गॅरेज हे मुक्तीचे दार ठरले. इंजिन जात विचारत नाही. व्हॉल्व्हची फट बरोबर बसवली तर ते सुरू होते, कोणाच्याही हाताने बसवली असो. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाने लादलेली हीन कामे टाकून द्या असे सांगितले. त्या विचाराने ज्यांच्या आजोबांनी गावकीची कामे नाकारली, त्यांचे नातू पाना-पेचकस हाती घेऊन स्वाभिमानाने उभे राहिले. परंतु गॅरेजच्या आत जुनी उतरंड नव्या रूपाने शिरली. उस्ताद इंजिन बांधतो, मधला खोलतो आणि सर्वांत नवा, सर्वांत लहान, सर्वांत गरीब मुलगा धुतो. मळ आणि विष हे खालच्याच्याच वाट्याला येते. ही रीत कोणी ठरवून आणलेली नाही, पण कोणी मोडलीही नाही. आपण जेथून निघालो तेच ठिकाण आपण दुसऱ्यासाठी बांधत नाही ना, हा प्रश्न आपल्यातील प्रत्येक उस्तादाने स्वतःला विचारावा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराची सुरक्षितता हा उपकार नसून कायद्याचा विषय आहे, ही भूमिका त्या काळात दृढ झाली. १९४८ च्या कारखाने कायद्यात विषारी वायू आणि पेटणारी वाफ यांविषयी तरतुदी होत्या. परंतु हा कायदा ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या जागेला लागू होत नव्हता. रस्त्याकडेची दोन-तीन माणसांची गॅरेजे त्याच्या कक्षेबाहेर राहत. १४ वर्षांखालील मुलास कोठल्याही कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील मुलास धोकादायक कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी झाली आहे, हे पालकांनी अवश्य लक्षात ठेवावे. पण कायदा जेथे पोहोचत नाही तेथे शील पोहोचले पाहिजे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : सेवकाला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. पहिल्याच कर्तव्यात माझ्या धंद्याचा सारा प्रश्न येतो. सोळा वर्षांच्या कोवळ्या कातडीच्या शक्तीनुसार पेट्रोलचे घमेले बसत नाही. सम्यक आजीविका म्हणजे केवळ शस्त्र, विष, मद्य यांचा व्यापार न करणे एवढेच मी मानत नाही. शेजारच्या हाताला विष न देणे हेही तिच्यातच येते.

म्हणून माझ्या दुकानात काही नियम आहेत. पेट्रोलने भाग धुवायचे नाहीत आणि हात तर मुळीच धुवायचे नाहीत. हाताचे ग्रीस आधी थोड्या खाद्यतेलाने सैल करावे आणि मग साबण लावावा. नायट्राइलचे हातमोजे घालावे. साधे रबरी मोजे रॉकेलमध्ये फुगतात. नळी तोंडाने ओढून इंधन काढायचे नाही, कारण रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात गेल्यास अधिक घातक ठरते. कोणतेही द्रावण थंड पेयाच्या बाटलीत ठेवायचे नाही. लहान मूल ते पाणी समजून पिते. असे घडलेच तर उलटी करवू नये, सरळ दवाखाना गाठावा. उलटी करवताना ते फुप्फुसात जाते. हे शेवटचे वाक्य वाचून एका जरी घरातील बाटली आज जागेवरून हलली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता शेवटच्या धुण्याविषयी. एकदा शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी माझे काम पाहावयास आले होते. लायनरला दगडाने होनिंग करून झाले होते, म्हणजे आतल्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडल्या होत्या. या रेषांत तेल टिकते आणि नव्या रिंगा बसतात. मी गरम पाणी, कपड्याच्या साबणाची भुकटी आणि ताठ ब्रश मागवला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “काका, एवढ्या मोठ्या इंजिनाला कपड्याचं साबण?” त्याची शंका योग्यच होती. पण येथे रॉकेल आणि पेट्रोल दोन्ही हरतात. ते तेल ओढून नेतात आणि दगडाची बारीक भुकटी मात्र त्या रेषांतच बसून राहते. मागे राहिलेली भुकटी नव्या रिंगांना पहिल्या काही तासांतच झिजवते. साबणाचा फेस ते कण उचलतो आणि पाणी ते वाहून नेते. पुष्कळदा धुऊन, पुसून, लगेच स्वच्छ तेलात बुडवलेले पांढरे फडके आतून फिरवावे. फडके करडे झाले तर पुन्हा धुवावे. ते पांढरेच बाहेर येईपर्यंत थांबू नये. उघडे बीड पावसाळी हवेत पाहता पाहता गंजते, म्हणून तेल लावण्यास क्षणाचाही उशीर करू नये.

त्या मुलांना मी चूलपंथकाची कथा सांगितली. वसतिगृहात आम्ही ती भंतेजींच्या तोंडून ऐकली होती. चूलपंथकाला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. थोरल्या भावाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवंतांनी मात्र त्याच्या हाती एक पांढरे फडके देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. फडके मळत गेले आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता उमगली. पाठांतरात मागे पडलेल्या मुलाच्या हातात भगवंतांनी काम दिले आणि त्या कामातून ज्ञान दिले. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या सर्वच मुलांना टक्के मिळत नाहीत. ज्यांच्या हाती पुस्तकाऐवजी पाना येतो, त्यांना कोणी कमी लेखू नये. त्यांनीही स्वतःला कमी लेखू नये.

एक कर्तव्य उरते, धुतलेल्या घाणीचे. काळे झालेले रॉकेल नालीत ओतले तर ते ओढ्याने नदीला जाते. बोरचे जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यावर पाण्याची जबाबदारी अधिक आहे. वापरलेले रॉकेल किंवा डिझेल डब्यात आठवडाभर स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो. वरचा निवळ पुन्हा पहिल्या धुण्यास चालतो, त्यामुळे पैसाही वाचतो. उरलेला गाळ आणि जळके तेल यांची गणना २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होते. ते चुलीत जाळू नये आणि विहिरीजवळ पुरू नये. अधिकृत खरेदीदाराला देण्यासाठी ते बंद डब्यात साठवावे.

माझ्या दुकानात आज दोन तरुण काम शिकतात. दोघेही अठरा पूर्ण केलेले. आठवड्यातून एक दिवस धुण्याच्या ट्रेशी मी स्वतः बसतो. एकतर त्यांना कळावे की हे काम हलके नाही. आणि दुसरे, ट्रेमध्ये काय ओतले आहे हे मला रोज नाकाने आणि हाताने ठाऊक असावे. जे द्रावण माझ्या हाताला नको, ते त्यांच्या हाताला देता येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे बंधू गॅरेज, पिठाची गिरणी, छपाई किंवा रंगकाम अशा धंद्यांत आहेत, त्यांनीही आपल्या घमेल्यात हात घालून पाहावा, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!